नियम पुढे, संवाद मागे

कोलकात्याच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या पूर्व बाजूला जमिनीत पितळेची एक रेघ बसवलेली आहे. जुन्या फोर्ट विल्यमची भिंत कुठवर येत होती, ते ती रेघ दाखवते. १७५६ साली सिराज उद्दौलाने घेतला तो किल्ला हा. पुढे प्लासीनंतर इंग्रजांनी नदीच्या खालच्या अंगाला, गोविंदपूर गाव उठवून, नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला आणि जुन्या किल्ल्याच्या जागी यथावकाश १८६८ साली पांढऱ्या घुमटाचे हे टपाल कार्यालय उभे राहिले. त्याचा पिन कोड ७००००१. समोर लाल दिघी, तिच्या उत्तरेला लाल विटांची रायटर्स बिल्डिंग. या चौकोनाभोवती थोड्या वेळात फेरी होते. मराठी भाषा छापील व्याकरणात कशी शिरली, त्या गोष्टीचा पहिला भाग याच फेरीत घडला. माणूस भाषा शिकतो तेव्हा डोक्यात नेमके काय होते, हा आज यंत्रांच्या निमित्ताने पुन्हा पेटलेला वादही त्या गोष्टीत आधीच दडलेला होता, असे मला वाटते.

कोलकात्याला मराठ्यांची पहिली ओळख झाली ती भीतीतून. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा शहरातल्या लोकांनी स्वतःच्या खर्चाने भोवती खंदक खणायला सुरुवात केली. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला. मराठे शहरावर आलेच नाहीत. खंदकाला मात्र 'मराठा डिच' हे नाव राहिले, आणि बंगाली अंगाईगीतात हे मराठी स्वार 'बर्गी' म्हणून कायमचे येऊन बसले. १७९९ मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावर रस्ता केला. आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांतच त्याच शहरात काही इंग्रज तरुण मान खाली घालून मराठी क्रियापदे पाठ करू लागले.

कारण राज्यकारभाराचे होते. १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी कटक प्रांत कंपनीला दिला. पुण्यात पेशवा कंपनीच्या छत्राखाली आला होता. आता मराठी कागद वाचू शकणारे, मराठीत बोलू शकणारे अधिकारी हवे होते. लॉर्ड वेलस्लीने १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज काढले होते ते अशाच कामासाठी. विलायतेहून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या नवशिक्या 'रायटरां'ना देशी भाषा शिकवायच्या. नाव किल्ल्याचे असले तरी कॉलेज भरे ते रायटर्स बिल्डिंगमध्ये. बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवण्याचे काम आले विल्यम कॅरीकडे.

कॅरी मूळचा नॉर्थॅम्प्टनशायरचा चांभार. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला, १७९३ साली बंगालात आला. कंपनीला मिशनरी नको होते म्हणून तो नदीवर वर, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात राहिला. तिथे त्याचा छापखाना होता. दर आठवड्याला हुगळीतून होडीने कोलकात्याला यायचे, शिकवायचे आणि परत जायचे, असा त्याचा क्रम. कॉलेजात त्याला मराठीसाठी लाभले ते मुख्य पंडित वैजनाथ. १८०५ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून कॅरीचे 'ए ग्रामर ऑफ द मराठा लँग्वेज' बाहेर पडले. मुखपृष्ठावर नाव एकट्या कॅरीचे. त्याच मुखपृष्ठावर अशीही नोंद आहे की पुस्तकाला नेहमीच्या विषयांवरचे संवाद जोडले आहेत.

म्हणजे पुढे नियम आणि मागे बोलणे. मला या रचनेचे फार महत्त्व वाटते. ज्याने हे पुस्तक केले त्याला एकट्या नियमांवर भाषा शिकवता येईल असा भरवसा नव्हता. बंगालीसाठी त्याने १८०१ मध्येच संवादांचे एक वेगळे पुस्तक छापले होते, आणि त्यात बाजारातली, घरातली, भांडणातली भाषा होती. नियम हा सांगाडा, संवाद हे मांस, असे कॅरी कुठे म्हणाला नाही, पण पुस्तकाची बांधणीच ते बोलते.

आता वैजनाथांच्या बाजूने हा व्यवहार कसा दिसत असेल, याचा विचार करून पाहू. समोर परदेशी माणूस कागद-टाक घेऊन बसलेला. तो विचारतो, 'बसणे' याचे भूतकाळी रूप? बसला. 'धरणे'? धरला. 'भरणे'? भरला. मग कॅरीसारखा चाणाक्ष माणूस स्वतःच म्हणणार, तर मग 'करणे' याचे 'करला'. नाही, केला. 'मरणे'? मेला. पण 'सरणे' म्हटले की पुन्हा सरला. 'पडणे' पडला, 'चढणे' चढला, पण 'उडणे' उडाला आणि 'बुडणे' बुडाला. 'थांबणे' थांबला, 'सांगणे' मात्र सांगितला. 'म्हणणे' याला तर दोन रूपे, म्हणाला आणि म्हटला, आणि दोन्ही एकाच जागी चालत नाहीत. का, असे विचारले तर पंडित काय उत्तर देणार? मराठी बोलणाऱ्या कुणालाही आज विचारा, तो क्षणभर थांबेल आणि म्हणेल, 'तसेच म्हणतात.' त्याला पक्के ठाऊक असते, पण ते तो सांगू शकत नाही. वैजनाथांच्या डोक्यात होते ते ज्ञान होते यात शंका नाही, आणि त्यातले बरेचसे नियमांच्या रूपात नव्हते हेही तितकेच खरे.

यावर आपल्याकडे फार जुना विचार झालेला आहे, आणि गंमत म्हणजे तोही त्याच सुमारास त्याच शहरात छापखान्यात चढत होता. फोर्ट विल्यम कॉलेजातच संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या हेन्री कोलब्रुकच्या पुढाकाराने १८१० च्या आसपास पाणिनीची अष्टाध्यायी कोलकात्यात पहिल्यांदा छापली गेली. जवळपास चार हजार सूत्रे. जगाने आजवर पाहिलेली नियमांची सर्वांत घट्ट वीण. पण पाणिनी नुसता नियम सांगून थांबत नाही. सर्वसाधारण नियम तो उत्सर्ग, त्याला छेद देणारा तो अपवाद, आणि जे रूप कोणत्याच नियमाने साधत नाही ते तसेच तयार उचलून ठेवायचे, त्याला निपातन. शिवाय धातूंची यादी वेगळी, गणांच्या याद्या वेगळ्या. नियम आणि याद्या या दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय भाषेचा हिशेब लागत नाही, हे त्याला पुरते माहीत होते.

मग विसाव्या शतकात प्रश्न बदलला. व्याकरण पुस्तकात कसे मांडावे याऐवजी, ते डोक्यात कसे असते, असे लोक विचारू लागले. १९५७ मध्ये नोम चॉम्स्कीने 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' लिहिले आणि मनाच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. मूल भाषा शिकते म्हणजे ऐकलेले पाठ करत नाही, नियमांची एक व्यवस्था उभी करते, हा त्याचा आग्रह. पुरावा घरोघर सापडतो. दोन-अडीच वर्षांचे मूल आधी बरोबर 'केलं' म्हणते, कारण ते तसेच ऐकलेले असते. मग काही महिन्यांनी तेच मूल 'मी करलं' म्हणू लागते. घरातले हसतात, पण ते मूल मागे गेलेले नसते. 'करलं' हा शब्द त्याने मोठ्या माणसांकडून उचललेला नसतो, त्याने नियम लावून पाहिलेला असतो. पुढे ते पुन्हा 'केलं'वर येते. इंग्रजी मुलांचेही असेच होते.

दुसरीकडे मेंदूच्या पेशींवरून गणिताकडे जाणारी एक वाट होती. १९४३ साली वॉरन मॅक्कलक आणि वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशीचे एक सोपे गणिती रूप मांडले. बऱ्याच ठिकाणांहून संकेत येतात, त्यांची बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पेशी पुढे संकेत देते, नाहीतर गप्प राहते. १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लाटने त्यावरून 'पर्सेप्ट्रॉन' केला, चुकला की जोडण्यांची ताकद थोडी कमी-जास्त करून सुधारणारा. रोझेनब्लाट मानसशास्त्रज्ञ होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आज न्यूरल नेटवर्क म्हटले की कंपन्या आणि संगणक डोळ्यांसमोर येतात, पण त्याचा पाळणा हलला तो मनाचा अभ्यास करणाऱ्यांच्या घरात. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी एका थराच्या पर्सेप्ट्रॉनच्या मर्यादा दाखवल्या आणि ही वाट बराच काळ ओस पडली.

ती पुन्हा वाहती झाली १९८६ साली, आणि वाद पेटला तो नेमका भूतकाळी रूपांवर. सॅन डिएगोत डेव्हिड रुमेलहार्ट आणि जेम्स मॅक्लेलंड या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक जाळे तयार केले. त्यात नियम असा एकही घातला नाही. इंग्रजी क्रियापदाचे मूळ रूप एका बाजूने द्यायचे, भूतकाळी रूप दुसऱ्या बाजूने काढायचे, चुकले की जोडण्या जराशा हलवायच्या. आधी सतत वापरातली १० क्रियापदे शिकवली, मग ४१० आणखी, आणि शेवटी जाळ्याने कधीच न पाहिलेली ८६ देऊन परीक्षा घेतली. जाळ्याने पुष्कळ रूपे बरोबर काढली. त्याहून चकित करणारी गोष्ट अशी की शिकताना मधल्या टप्प्यावर ते मुलांसारखेच चुकले. आधी बरोबर, मग 'करलं'च्या जातीची चूक, मग पुन्हा बरोबर. नियम कुठेही लिहिलेला नसताना जाळे नियमाने वागले. त्यांचे म्हणणे सरळ होते. नियम आणि अपवाद अशा दोन पेट्या डोक्यात नसतात. एकच जाळे असते. 'धर, भर, सर' यांचा गट एकीकडे ओढतो, 'कर, मर' यांचा दुसरीकडे, आणि रूप ठरते ते या ओढाताणीतून.

दोन वर्षांनी स्टीव्हन पिंकर आणि ॲलन प्रिन्स यांनी या लेखाची चिरफाड केली. आणि माझ्या मते त्यांचे बरेच आक्षेप रास्त होते. मुलासारखी चूक झाली ती शिकवण्याचा क्रम तसा लावला म्हणून. दहा क्रियापदांवरून एकदम चारशेवर उडी मारली आणि त्या चारशेत नियमित रूपे बहुसंख्य होती. मुलाच्या कानावर पडणारी भाषा अशी एका दिवसात बदलत नाही. शिवाय हे जाळे कधी कधी असे काही काढी की कुठलेही मूल काढणार नाही. 'मेल' या क्रियापदाचे भूतकाळी रूप त्याने 'मेम्बल्ड' असे दिले. पिंकरचा स्वतःचा सिद्धांत त्याने १९९९ च्या 'वर्ड्स अँड रूल्स' या पुस्तकात मांडला. नियमित रूपे नियमाने होतात, अनियमित रूपे स्मरणातून येतात. उत्सर्ग आणि निपातन ज्याला माहीत आहेत त्याला हे वाचताना आपल्याच गावातली गल्ली दिसल्यासारखे होते.

इथून पुढे गोष्ट दवाखान्यात जाते. १९९७ साली मायकेल उलमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांकडून क्रियापदांची रूपे म्हणवून घेतली. अल्झायमरच्या रुग्णांना, म्हणजे ज्यांची शब्दांची आठवण ढासळते त्यांना, अनियमित रूपे जास्त जड गेली. पार्किन्सनच्या रुग्णांना, ज्यांच्या मेंदूतली क्रम लावणारी, हालचाली जुळवणारी यंत्रणा बिघडते, नियमित रूपे जास्त जड गेली. दोन पेट्या सिद्ध झाल्या, असे वाटावे इतका स्वच्छ निकाल. पण दोनच वर्षांनी मार्क जोआनिस आणि मार्क सायडेनबर्ग यांनी एक जाळे बांधले, ज्यात शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा नाद हे दोन भाग एकमेकांना जोडलेले होते. मग त्यांनी त्या जाळ्याला मुद्दाम इजा केली. अर्थाचा भाग बिघडवला तेव्हा अनियमित रूपे जास्त गेली. नादाचा भाग बिघडवला तेव्हा सर्वांत मोठा फटका बसला तो कधीच न ऐकलेल्या नव्या शब्दांना नियम लावण्याला. म्हणजे रुग्णांतली ही फाळणी नियमांची वेगळी पेटी न मानताही निघू शकते. मला या दोन अभ्यासांची जोडी फार मोलाची वाटते. गणिती जाळे, आजारी मेंदू आणि क्रियापदाचे रूप या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या, आणि कुणालाच सहज जिंकता आले नाही.

आजही तो वाद मिटलेला नाही. २०१८ मध्ये क्रिस्तो किरोव्ह आणि रायन कॉटरेल यांनी नव्या घडणीची जाळी घेऊन जुनी परीक्षा पुन्हा घेतली आणि पिंकर-प्रिन्स यांचे बहुतेक आक्षेप आता लागू पडत नाहीत, असे दाखवले. त्याला लगेच पुढच्या वर्षी प्रत्युत्तर आले की नवे, बनावट शब्द दिले असता माणसे जशी रूपे काढतात तशी ही जाळी काढत नाहीत. मराठीत ही परीक्षा घ्यायची म्हटली तर केवढी श्रीमंत होईल! आपल्याकडे 'कळलं' म्हणणारे आणि 'कळालं' म्हणणारे असे दोन्ही लोक आहेत, आणि दोघेही दुसऱ्याचे ऐकून दचकतात. 'पळाला, मिळाला' यांच्या ओढीने काहींचे 'कळाला' झाले, 'वळला, टळला' यांच्या ओढीने काहींचे 'कळला' राहिले, असे माझे मत. व्याकरणाच्या नियमाने यातले एक चूक ठरवता येईल. पण दोन गटांची ओढाताण जिवंत माणसांच्या तोंडात अजून चालू आहे, हे त्याहून मोठे सत्य आहे.

आता पुन्हा कोलकात्यात येतो. लाल दिघीपासून उत्तरेला निघाले, श्यामबाजार ओलांडले की बराकपूर ट्रंक रोड लागतो. तो जिथे पोचतो त्या बराकपूरच्या समोर, नदीपलीकडे, श्रीरामपूर. कॅरी पाण्याने यायचा, हा रस्ता जमिनीने जातो. याच रस्त्यावर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापलेली. तिथे बिद्युत बरन चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगाली आणि देवनागरी लिपी यंत्राला वाचायला शिकवण्यात अनेक वर्षे घालवली. २००९ साली उज्ज्वल भट्टाचार्य आणि चौधुरी यांनी हाताने लिहिलेल्या अंकांवरचे आपले काम प्रसिद्ध केले. देवनागरी अंकांचे २२,५५६ नमुने, बंगाली अंकांचे २३,३९२. हे नमुने लोकांना बसवून लिहून घेतलेले नव्हते. टपालाच्या पाकिटांवरून, अर्जांवरून, म्हणजे माणसे घाईत, गुडघ्यावर कागद धरून लिहितात तिथून उचललेले होते.

पाकिटावरचा तो सहा अंकी आकडाही एका मराठी माणसाची देणगी. टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी असलेले, कोकणातल्या वेळणेश्वरचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला. जुन्या फोर्ट विल्यमच्या जागेवर उभ्या असलेल्या टपाल कार्यालयाला ७००००१ मिळाला तो त्याच योजनेत. लोक पत्त्यावर हे सहा अंक लिहिताना दोन लिप्या सर्रास मिसळतात. तीन अंक देवनागरी, पुढचे तीन इंग्रजी. वाचणाऱ्या पोस्टमनला त्याचे काहीच वाटत नाही. यंत्राला मात्र ते स्वतंत्रपणे शिकवावे लागले. भट्टाचार्य-चौधुरी यांची रीत टप्प्याटप्प्याची होती. जाळे आधी अंकाकडे ढोबळ नजरेने पाही, खात्री पटली नाही तर जास्त बारकाईने. ओळखीचा माणूस दुरून येताना आपण पाहतो ते याच क्रमाने.

आणि या जाळ्यांच्या मागे पुन्हा मेंदूचा अभ्यास आहेच. १९५९ साली डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीसल यांनी मांजराच्या मेंदूत अशा पेशी शोधल्या ज्या ठरावीक दिशेच्या रेघेलाच प्रतिसाद देतात. त्या कल्पनेवरून जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये 'निओकॉग्निट्रॉन' केले, आणि त्याच कुळातल्या जाळ्याला १९८९ मध्ये यान लकून यांनी अमेरिकेतले हाताने लिहिलेले टपाल-अंक वाचायला लावले. मांजराच्या डोळ्यामागून निघालेली वाट पाकिटावर येऊन पोचली.

भाषेच्या बाजूने मेंदूची आणखी एक खूण १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांना सापडली. माणसाला वाक्य शब्दाशब्दाने दाखवायचे आणि डोक्यावरच्या विद्युत लहरी टिपायच्या. शेवटी अर्थाने विसंगत शब्द आला, समजा गरम पोळीवर तुपाऐवजी मोजे वाढले, की साधारण ४०० मिलिसेकंदांनी लहरीत एक ठळक खळगा उमटतो. म्हणजे मेंदू शब्द येईपर्यंत स्वस्थ बसलेला नसतो. पुढे काय येणार याची त्याने तयारी केलेली असते. १९९० मध्ये जेफ्री एल्मनने नेमके हेच काम जाळ्याला दिले. पुढचा शब्द सांग. नुसत्या या एका कामातून त्याच्या छोट्या जाळ्यात नाम आणि क्रियापद असे गट आपोआप पडले. आजची प्रचंड भाषा-प्रारूपे वेगळ्या घडणीची आहेत, पण त्यांना दिलेले मूळ काम तेच.

२०२१ मध्ये मार्टिन श्रिम्फ, एव्हेलिना फेडोरेंको आणि सहकाऱ्यांनी अशी ४३ प्रारूपे घेतली आणि वाक्ये वाचताना-ऐकताना माणसांच्या मेंदूच्या नोंदींशी ती ताडून पाहिली. जे प्रारूप पुढचा शब्द अधिक अचूक ओळखते त्याचे अंतरंग मेंदूच्या नोंदींशी अधिक जुळते, असे दिसले. निष्कर्ष मोठा आहे, पण तो जपून वापरायला हवा. त्याच अभ्यासात काहीही न शिकवलेल्या, कोऱ्या प्रारूपांनाही बऱ्यापैकी जुळणी मिळाली होती. शिवाय दोन गोष्टींचे आकडे जुळले म्हणून दोन्ही एकाच रीतीने चालतात असे होत नाही. घड्याळ आणि सूर्य दोघेही दुपारचे बारा दाखवतात.

सर्वांत मोठा फरक खाण्याच्या मापाचा आहे. २०२३ साली काही संशोधकांनी 'बेबीएलएम' नावाची स्पर्धा भरवली. तिचा मूळ विचार असा की तेरा वर्षांचे मूल जन्मभरात १० कोटींहून कमी शब्द ऐकते, तर जाळ्यालाही तेवढ्याच शब्दांत भाषा शिकवून दाखवा. मोठी इंग्रजी प्रारूपे याच्या हजारो पट वाचतात. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये 'महाकॉर्पस' हा मराठी मजकुराचा साठा खुला केला, त्यात २८ कोटी ९० लाख शब्द होते. इंग्रजीच्या मानाने तो मूठभर म्हणतात. पण मुलाच्या मापाने पाहा. सातवी-आठवीतल्या मराठी मुलाने आयुष्यात जेवढे ऐकले त्याच्या जवळजवळ तिप्पट. आणि ते मूल 'कळालं' आणि 'कळलं' यांत फरक ओळखते, आजीशी एक भाषा बोलते, मित्राशी दुसरी, आणि कुणी टोमणा मारला तर तो त्याला लागतो. त्याला कुणीतरी समोर बसून बोलवलेले असते. हाक मारलेली असते, उत्तर मागितलेले असते. कॅरीने व्याकरणाच्या मागे संवाद जोडले, ते याच जाणिवेने असावेत.

श्रीरामपूरच्या छापखान्याची एक रात्र मी या सगळ्यात विसरू शकत नाही. ११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखिते, वर्षानुवर्षांची भाषांतरे राख झाली, आणि खिळे वितळून शिशाचे गोळे झाले. पण ढिगाऱ्यात पोलादी ठसे शाबूत सापडले. पंचानन कर्मकार या कारागिराने आणि नंतर त्याचा जावई मनोहर याने हाताने कोरलेल्या ठशांची ती परंपरा. ठशांवरून पुन्हा मातृका पाडल्या, वितळलेल्या शिशातून पुन्हा खिळे ओतले आणि काही महिन्यांत छापखाना चालू झाला. दोन वर्षांनी, १८१४ साली, वैजनाथांचे मराठी 'सिंहासन बत्तिशी' तिथे छापले गेले. त्यानंतर 'हितोपदेश', मग 'राजा प्रतापादित्याचे चरित्र', आणि 'रघूजी भोसल्यांची वंशावळी'. ज्यांच्या धाकाने खंदक खणला त्यांची वंशावळ त्याच नदीच्या काठी मराठीत छापली.

यातली बहुतेक पुस्तके मोडीत आहेत. कॅरीच्या १८१० च्या मराठी-इंग्रजी कोशातले मराठी शब्दही मोडीतच आहेत, कारण तेव्हा रोजच्या लिहिण्याची लिपी तीच होती. मोडीत बोरू शक्यतो उचलत नाहीत. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ पाहत नाहीत. त्यामुळे मोडी वाचणे हे नुसते अक्षर ओळखणे नसते. पेशवे दप्तरातला कागद वाचणारा जाणकार पाहिला तर कळते. तो ओळीवरून नजर पुढे नेतो, मागे येतो, ओठांतल्या ओठांत दोन-तीन शब्द लावून पाहतो. मग एकदम त्याला वाक्य दिसते आणि नंतर त्यातले अक्षर.

२०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीतल्या आणि पुण्यातल्या संशोधकांनी मोडी कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करणारे जाळे सादर केले. त्यासाठी शिवकाळ, पेशवेकाळ आणि इंग्रजकाळ अशा तिन्ही काळांतल्या खऱ्या कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा जमवल्या. प्रत्येक प्रतिमेशेजारी तिचा देवनागरी पाठ लागतो, आणि तो पाठ यंत्राला आपोआप मिळत नाही. मोडी जाणणाऱ्या माणसांनी एकेक ओळ वाचून तो तपासून दिला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कोलकात्याहून आणखी एक बातमी आली. फोर्ट विल्यमचे नाव आता 'विजय दुर्ग' झाले आहे, आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या विजयदुर्गावरून, आणि किल्ल्याच्या सेंट जॉर्ज दरवाजाला शिवाजी दरवाजा म्हणतात. रायटर्स बिल्डिंगच्या कुठल्या खोलीत वैजनाथ बसत असतील, तिथे आज कुठली खूण नाही. त्यांचे शब्द आहेत, मोडीत, कोशाच्या पानांवर. ते वाचायला यंत्र आता शिकते आहे, आणि त्याला शिकवायला अजूनही एक माणूस शेजारी बसलेला आहे, जो विचारले की क्षणभर थांबतो आणि म्हणतो, इथे असेच वाचतात.